हजेरीपट आणि फुटबॉल

खेळावर लिहिणारे खेळाडूच्या पायांविषयी पुष्कळ लिहितात. त्या पायांखालची जमीन कोणाची, हे मात्र विचारत नाहीत. मी भिवंडीत, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. मला तो प्रश्न आधी सुचतो. रेल्वेच्या फुटबॉलकडे पाहिले की त्याचे उत्तर सापडते.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, १८५४ साली रूळ कल्याणला पोहोचले. खाडीपलीकडची भिवंडी बाजूला राहिली. कल्याण, इगतपुरी, मनमाड, भुसावळ ही रेल्वेची गावे झाली. अशा गावांत शेड, चाळी, दवाखाना आणि इन्स्टिट्यूट आले. इन्स्टिट्यूट ही कर्मचाऱ्यांच्या खेळाची व करमणुकीची संस्था. जागा रेल्वेची, सभासद कर्मचारी, वर्गणी पगारातून, कारभार कमिटीकडे. कर्मचारी हितनिधीतूनही खेळाला पैसा मिळतो. चेंडू, बूट, सामन्यासाठी सवड, प्रवासाचा पास हे सारे नोकरीच्या आधाराने येते.

या आधारातून काय उभे राहते? पूर्व रेल्वेच्या संघाने १९५८ साली कलकत्ता लीग जिंकली. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन बड्या क्लबांबाहेरचा पुढचा विजेता थेट २०१९ साली निघाला. त्याच पूर्व रेल्वेचे पी. के. बॅनर्जी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते. रेल्वेने संतोष करंडक १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ असा तीनदा जिंकला. पहिल्या वेळी अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवून. हे नोकरदारांचे संघ होते. महिन्याचा पगार हाच त्यांचा आश्रयदाता.

पण त्या हजेरीपटावर नाव कोणाचे, आणि कोणत्या रकान्यात? इंग्रजी अमलात गोऱ्यांचे इन्स्टिट्यूट वेगळे आणि नेटिवांचे वेगळे असे. नेटिवांतही सारे सारखे नव्हते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी सांगितले ते तेथेच. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याला पोर्टरचे कामसुद्धा मिळत नसे. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेई, आणि घरात विटाळ चालत नव्हता! ज्याचा बाप आयुष्यभर रुळांवर खडी ठोकतो, त्या पोराला इन्स्टिट्यूटचे मैदान किती जवळचे वाटणार? जात मैदानावर येण्याआधी भरतीच्या टेबलावर खेळून गेलेली असते.

घटनेने नोकरीतील राखीव जागांची वाट उघडली. खेळाडूंसाठीही रेल्वेत वेगळी भरती आहे. परंतु ती मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीवर होते, आणि त्या स्पर्धांपर्यंत पोचायला आधी मैदान लागते. ज्याला मैदान नाही, त्याची गुणवत्ता कोणाला दिसणार?

आता आमची भिवंडी पाहा. आज दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड स्टेशन आहे, गाडी आली. पण गावाचा जीव यंत्रमागावर. तेथे उत्तरेतून आणि तेलंगणातून आलेला मजूर, दलित, मुसलमान, सगळे एकाच शेडमध्ये बारा बारा तास उभे. मजुरी मीटरवर. एकेका मालकाचे माग लहान लहान शेडमध्ये विखुरलेले, म्हणून कित्येकांचे नाव कोणत्याच मस्टरवर नाही. जेथे नाव नाही तेथे पगारी रजा नाही, वर्गणी नाही, कमिटी नाही. बारा तासांनंतर उरलेल्या अंगात झोपेपुरतेच त्राण असते.

रेल्वेबाहेरच्या कामगारांसाठीही कायद्याने सोय केलेली आहे. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यानुसार मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून कल्याण केंद्रे, खेळ, स्पर्धा चालतात. मात्र ही वर्गणीही नोंदलेल्या कामगाराचीच जमा होते. फुटबॉलची गोष्ट पुन्हा हजेरीपटापाशीच येऊन थांबते.

म्हणून आमच्या पोरांसाठी कोणी दोन चेंडू दान दिले तर ते घ्यावेत, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. मागणी करायची ती नावाच्या नोंदीची, आठ तासांच्या पाळीची आणि वस्तीलगतच्या मोकळ्या जमिनीची. इन्स्टिट्यूटच्या मैदानावर रेल्वे कर्मचारी उतरतो तो हक्काने. आमचा माग चालवणाराही तसाच उतरला पाहिजे.