पिकअपच्या एंजिनाला थंड हवा : लाभ किती, हानी किती?

जयपूरच्या सिविल लाइंस भागात राज्यपालांचे निवासस्थान आणि मंत्र्यांचे बंगले यांच्या सावलीच्या रस्त्यांवर मे महिन्याच्या दुपारीही थोडा गारवा असतो; परंतु तेथून अजमेर रस्त्याला लागलेला पिकअप शहराबाहेर पडताच निराळ्या हवेत शिरतो. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते आणि पश्चिमेकडून येणारी आंधी मरुभूमीची बारीक वाळू रस्त्यावर आणून टाकीत असते. पुढे सुमारे १०० किलोमीटरवर किशनगड, म्हणजे संगमरवराची मोठी बाजारपेठ. अशा रस्त्यावर ज्याचे पोट पिकअपवर अवलंबून आहे, त्याला मोटारीच्या सुट्या भागांचा दुकानदार एक चकचकीत नळी आणि शंकूच्या आकाराचा फिल्टर दाखवतो. ‘कोल्ड एअर इंटेक बसवा, ताकद वाढेल, डिझेल वाचेल,’ असे तो सांगतो. या उपकरणाला ‘शीतवायुप्रवेशिका’ असे भारदस्त नाव देता येईल, पण कोणत्याही गॅरेजात ते कोणाला कळणार नाही. म्हणून येथे आपण त्याला ‘थंड हवेची नळी’ एवढेच म्हणू.

दुकानदाराच्या म्हणण्यात शास्त्राचा अंश आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. एंजिन इंधन जाळते ते हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने. सिलिंडरमध्ये दट्ट्या खाली सरकतो तेव्हा ठरावीक आकारमानाची हवा आत येते. परंतु त्या आकारमानात हवेचे वजन किती, हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. दाब तोच राहिला तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. बॉनेटखालची ६५ अंशांची हवा (३३८ केल्व्हिन) आणि बाहेरची ४५ अंशांची हवा (३१८ केल्व्हिन) यांची तुलना केली, तर बाहेरची हवा सुमारे ६ टक्क्यांनी अधिक दाट भरते. सिलिंडरपर्यंत जाताना हवा तापलेल्या नळ्यांना आणि झडपांना स्पर्शून पुन्हा तापते, त्यामुळे व्यवहारात याच्या निम्माच लाभ हाती लागतो. एंजिनाच्या शक्तीचे मोजमाप करणाऱ्या प्रमाणपद्धतींतही तापमानाच्या वर्गमुळाचेच सूत्र वापरतात. म्हणजे सुमारे ३ टक्के.

पण हे ३ टक्के कशाच्या तुलनेत? बॉनेटखालची हवा ओढणाऱ्या एंजिनाच्या तुलनेत. आजच्या पिकअपचे कारखान्यात बसवलेले तोंड बहुधा पुढच्या जाळीमागे किंवा चाकावरच्या पत्र्याच्या आड असते आणि बाहेरचीच हवा घेते. गाडी वेगात असताना ती हवा बाहेरच्या हवेपेक्षा फार गरम नसते. तेथे आणखी ५ अंश कमी केले तर वरच्या हिशेबाने लाभ एका टक्क्याच्याही आत येतो. उलट, बाजारातील पुष्कळशा नळ्यांत शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली उघडाच असतो. तो एंजिनाचीच तापलेली हवा ओढतो. नाव थंड, हवा मात्र गरम! विक्रेते जे शक्तिमापनाचे आलेख दाखवतात, त्यांतील पुष्कळसे बॉनेट उघडे ठेवून, समोर मोठा पंखा लावून घेतलेले असतात, हेही लक्षात ठेवावे. किशनगडच्या रस्त्यावर बॉनेट उघडे ठेवून कोणी जात नाही.

येथवरचे विवेचन पेट्रोल एंजिनाला अधिक लागू आहे. भारतात माल वाहणारे पिकअप बहुतेक डिझेलचे आणि टर्बोचार्जर बसवलेले असतात, आणि तेथे गोष्ट अगदी पालटते. टर्बोचार्जर हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावून पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली की ती १४५ अंशांच्या आसपास जाते. मग इंटरकूलर तिला निववतो. तो जर तीन-चतुर्थांश कार्यक्षम असेल तर ती सुमारे ७० अंशांवर येते. आता मूळची हवा ४५ ऐवजी ५५ अंशांची होती असे धरून हाच हिशेब करा: इंटरकूलरमधून बाहेर पडणारी हवा ७३ अंशांची निघते. आरंभीचा १० अंशांचा फरक शेवटी ३ अंशांवर आला, आणि घनतेत तो एका टक्क्याहूनही कमी भरला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पेट्रोल एंजिनात हवेचे आणि इंधनाचे प्रमाण बांधलेले असते; डिझेल एंजिनात तसे नसते. तेथे बहुधा गरजेपेक्षा अधिकच हवा आत येते आणि शक्ती किती मिळावी हे इंधनाच्या मात्रेवर ठरते. इंधनाची मात्रा वाढवल्याशिवाय नुसती हवा वाढवणे म्हणजे चुलीत लाकूड तेवढेच ठेवून फुंकणी मोठी घेण्यासारखे आहे. भार पूर्ण असताना धूर किंचित कमी होईल, बाहेर पडणारा वायू थोडा कमी तापेल. पण चढावर गाडी अधिक जोमाने जाईल ही आशा व्यर्थ होय.

इंधन वाचते काय? अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली यासंबंधी प्रयोग केले. इंधन-इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल मोटारींचे एअर फिल्टर मुद्दाम कोंडून पाहिले, तरी इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची शक्ती मात्र घटली. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारीत इंधनाचा खर्च थोडा वाढला. कारण उघड आहे: अशा मोटारीत आपण पाय अर्धा दाबतो तेव्हा हवेची वाट झडप स्वतःच अडवीत असते, आणि आत आलेल्या हवेनुसार इंधन मोजून दिले जाते. जेथे कोंडलेला फिल्टरही मायलेज बिघडवीत नाही, तेथे नवी नळी ते सुधारणार कशी?

आता हानीची बाजू. आमच्या मते विचार करण्याजोगी बाजू हीच. अडीच लिटरचे चार-धावी एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर टर्बोचार्जरचा विचार न करताही ताशी १५० घनमीटर हवा गिळते. समजा, रस्त्यावरच्या हवेत घनमीटरमागे एक मिलिग्रॅम धूळ आहे. फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवीत असेल तर ताशी पाऊण मिलिग्रॅम आत जाते; ९७ टक्केच अडवीत असेल तर साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे सहापट. टक्केवारीत किरकोळ दिसणारा फरक एंजिनाच्या आयुष्यात किरकोळ राहत नाही. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांच्या वर काम करतो. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण पुष्कळदा त्या मोकळेपणाची किंमत धुळीच्या रूपाने वसूल होते. आणि धूळ कसली, हेही पाहिले पाहिजे. संगमरवराची पूड मऊ असते, काठिण्याच्या मोजपट्टीवर तिचा क्रमांक सुमारे ३. मरुभूमीची वाळू मात्र मुख्यतः क्वार्ट्झची. तिचा क्रमांक ७. ती सिलिंडरच्या भिंती आणि दट्ट्यावरील रिंगा कानशीसारखी घासते. शिवाय जाळीला तेल अधिक झाले तर ते हवा मोजणाऱ्या संवेदकावर बसू शकते, आणि संवेदकाजवळील नळीचा व्यास बदलला तर त्याचे मापच चुकते.

कारखान्यातला मार्ग खरोखर कोंदट आहे की नाही, हे मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. यू आकाराची पारदर्शक नळी, तिच्यात रंगीत पाणी. एक तोंड फिल्टरनंतरच्या नळीला जोडायचे, दुसरे उघडे. एंजिन पूर्ण भारावर असताना पाण्याच्या पातळ्यांत २५ सेंटिमीटर अंतर पडले तर अडथळा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीच टक्के समजावा. जड डिझेल एंजिनांत साधारणतः ६० सेंटिमीटरच्या सुमारास फिल्टर बदलतात. मात्र नळीचे हात मीटरभर लांब असावेत, नाहीतर पाणी एंजिनात ओढले जाईल. आणि हे काम जाणत्या मिस्त्रीनेच करावे.

एंजिनाचा टर्बोचार्जर बदलून इंधनाची मात्राही वाढवली असेल, तर मोठी नळी अवश्य लागते. आवाजाची हौस असेल तर तो अधिक घोगरा येतो, हेही खरे. रोजच्या मालवाहतुकीला मात्र राजस्थानात सर्रास दिसणाऱ्या ट्रॅक्टरांकडून धडा घ्यावा: त्यांच्या धुराड्याशेजारी उभ्या नळीवर एक भांडे असते, त्यात हवा गरगर फिरून जड कण बाहेर फेकले जातात आणि मुख्य फिल्टरपर्यंत थोडीच धूळ पोचते. पिकअपचा कागदी फिल्टर वरचेवर काढून त्याला जोराची हवा मारण्याची चाल मात्र सोडलेली बरी. कागद फाटतो, आणि त्यावर साचलेला धुळीचा थर, जो स्वतःच उत्तम गाळणी असतो, तो निघून जातो. फिल्टर ठरल्या वेळी बदलताना पुढच्या नळीत स्वच्छ बोट फिरवून पाहावे. बोटाला रेशमासारखी बारीक माती लागली, तर कोठेतरी क्लिप सैल आहे किंवा रबर चिरले आहे, आणि धूळ फिल्टरला वळसा घालून थेट एंजिनात जात आहे.