लाकडात नेमक्या जागी छिद्र पाडणे

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत उत्तम सागवान मिळते. परंतु तिफणीच्या खोडास दात्यांसाठी छिद्रे पाडताना हेच लाकूड फसविते. सागाच्या प्रत्येक वार्षिक वलयाचा आरंभीचा भाग सच्छिद्र, तर नंतरचा घट्ट असतो. गिरमिटाचे टोक घट्ट भागावरून सच्छिद्र भागाकडे घसरते. जागा केसभर चुकल्यास निभते; छिद्र तिरके गेल्यास मात्र हातभर लांब दात्याचे टोक खाली अंगुळभर सरकते, पेरणीच्या ओळी सारख्या अंतरावर पडत नाहीत आणि पुढे डवऱ्याची पास रोपांवर चालते.

यास्तव खोडाची मध्यरेषा प्रथम आखावी. दात्यांच्या अंतरावर गुण्याने आडव्या रेषा काढून त्या चारही बाजूंस फिरवाव्यात व वरखाली दोन्हीकडे फुली करावी. फुलीवर टोच्याने खोल खूण केली म्हणजे गिरमिटाचे टोक तीत स्थिर बसते. दोनचार फेरे होताच थांबून, गुण्या लांबीच्या व रुंदीच्या अशा दोन्ही अंगांनी उभा लावून पाहावा. कल सुधारण्याची हीच वेळ. गिरमिट खोल गेल्यावर कितीही जोर लावला तरी ते वळत नाही, उलट मोडते. टोक पलीकडे डोकावताच खोड उलटावे व त्या बाजूने छिद्र पुरे करावे, म्हणजे ढलपी उडत नाही.