अपडेटचं बटण दाबण्याआधी हे तीन आकडे वाचा

तुमचं ऑनलाइन दुकान हे एकच सॉफ्टवेअर नसतं. खाली वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स, मग थीम आणि पेमेंटचं प्लगइन. प्रत्येकाचा व्हर्जन नंबर वेगळा. एक बदललं की बाकीच्यांना ते झेपतंय का, हे आधी बघायचं.

नंबर कसा वाचायचा? समजा, 2.4.1. सर्वसाधारण पद्धत अशी: शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती. मधला वाढला तर नवीन सोयी, जुनंही चालू राहतं. पहिला वाढला तर सावध व्हा, जुनं बंद पडू शकतं.

पण सगळेच ही पद्धत पाळत नाहीत. वर्डप्रेसमध्ये दुसरा आकडा वाढला तरी ते मोठंच अपडेट असतं. ऑगस्ट 2020 मध्ये वर्डप्रेस 5.5 आलं. जुना कोड सांभाळून घेणारा जेक्वेरी मायग्रेट हा भाग त्यात बंद केला, आणि जुन्या थीम-प्लगइनवर चालणाऱ्या अनेक साइट्स अडखळल्या.

मग करायचं काय?

1. फाइल्स आणि डेटाबेस, दोन्हींचा बॅकअप घ्या.
2. प्लगइन कोणत्या वर्डप्रेस व्हर्जनपर्यंत तपासलंय, ते त्याच्या पानावर बघा.
3. आधी साइटच्या कॉपीवर अपडेट करा आणि एक टेस्ट ऑर्डर पेमेंटपर्यंत न्या.
4. मगच खऱ्या साइटला हात लावा.

सुरक्षेचे अपडेट लांबवू नका. मोठे अपडेट मात्र दिवाळी ऑफरच्या आदल्या रात्री नकोच. पेमेंटला अडलेलं गिऱ्हाईक तक्रार करत बसत नाही, सरळ दुसरं दुकान गाठतं.