घोडदळाविना हिंदुस्थान

‘एज ऑफ एम्पायर्स ३’ या संगणकीय युद्धखेळात भारतीयांची बाजू घेऊन बसलेल्या खेळाडूला पाग बांधताच येत नाही. तिच्या जागी कारवाँसराय उभी राहते. तिथून उंटस्वार निघतात, उंटावरून मारा करणारे जंबुरकवाले निघतात आणि हत्ती निघतात. घोडा मात्र एकही नाही. खेळात ज्याला ‘सोवार’ म्हणजे स्वार हे नाव दिले आहे, तोही उंटावर बसलेला. ज्या काळात घाटावरच्या शिलेदाराची पत त्याच्या स्वतःच्या घोड्यावरून ठरत होती, बारगीर सरकारी घोड्यावर लढत होता आणि भीमथडीची काटक तट्टे दूरवरच्या मुलुखगिरीवर जात होती, त्याच काळाचा हा खेळ आहे.

मूळ खेळ 2005 साली आला. 2007 मध्ये ‘द एशियन डायनॅस्टीज’ ही त्याची पुरवणी निघाली आणि तिच्यातून चिनी, जपानी व भारतीय असे तीन पक्ष दाखल झाले. करणाऱ्यांनी अभ्यास केलाच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय पक्षाला गुरे मारून अन्न मिळवता येत नाही. गायींसाठी स्वतंत्र गोठा आहे आणि त्या तिथे असल्या की खेळाडूचा अनुभव वाढत जातो. गावकरी तयार करायला इतर बहुतेकांना अन्न लागते, भारतीयांना लाकूड. आपला देश वेगळा दाखवायची धडपड यात स्पष्ट दिसते. पण हे वेगळेपण रंगरूपापाशी थांबते.

खेळात आशियाई पक्षांना एका युगातून पुढच्या युगात जायचे तर एखादी भव्य वास्तू बांधावी लागते. भारतीयांसमोर पाच पर्याय असतात : आग्ऱ्याचा किल्ला, चारमिनार, करणीमातेचे मंदिर, ताजमहाल आणि विजयस्तंभ. मेवाडच्या राणा कुंभाने पंधराव्या शतकात चितोडला उभारलेला स्तंभ, बिकानेरजवळच्या देशनोकचे देवस्थान, कुतुबशाहीने 1591 मध्ये हैदराबादेत बांधलेला चारमिनार आणि शाहजहानचा ताज, या सगळ्यांचा मालक एकच राजा. खेळातल्या चारमिनारातून मनसबदार बाहेर पडतात. मनसबदारी ही मोगलांची व्यवस्था आणि चारमिनार कुतुबशाहीचा. हीच कुतुबशाही मोगलांनी 1687 मध्ये बुडवली. लष्करातही तीच सरमिसळ आहे. केरळची उरुमी फिरवणारे, रजपूत, गुरखे आणि कंपनीच्या धर्तीचे शिपाई, सगळे दिल्लीच्या एकाच निशाणाखाली. मराठ्यांचा वेगळा पक्ष नाही. अठराव्या शतकात दिल्लीच्या तख्ताचे भवितव्य ज्या सत्तेने अनेकदा ठरवले, तिला या मांडणीत जागाच मिळाली नाही. ब्रिटिश, फ्रेंच, डच, पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांना मात्र एकेक स्वतंत्र पक्ष आहे.

1857 वरच्या मोहिमेचीही हीच गत. नायक नानिब साहिर हा कंपनीच्या नोकरीतला काल्पनिक सैनिक आणि खलनायक कर्नल एडवर्डसन हाही काल्पनिक. एवढा मोठा उठाव एका क्रूर अधिकाऱ्याविरुद्धच्या सूडापर्यंत आक्रसतो आणि खालसा झालेली संस्थाने, जमीनमहसूल, शिपायांची वर्षानुवर्षांची खदखद हे सारे मागे पडते.

नावांच्या आणि वास्तूंच्या चुका दुरुस्त करता येतात. मुख्य उणीव मात्र खेळाच्या हाडामासातच आहे. अन्न, लाकूड आणि नाणी यांत किंमत एकदा मोजली, की शिपाई मरेपर्यंत लढतो. त्याला पगार नको, भाकरी नको, वैरण नको. पावसाळा नाही, म्हणून दसऱ्याचे सीमोल्लंघनही नाही.

पानिपत या मापाने तपासावे. 1760 च्या अखेरीस भाऊसाहेब आणि अब्दाली दोन महिन्यांहून अधिक काळ समोरासमोर तळ देऊन बसले होते. मराठ्यांच्या छावणीत लढवय्यांबरोबर बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि मराठ्यांची स्वतःची रसद तर आधीच आवळली गेली होती. माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली. 14 जानेवारी 1761 ला फौज बाहेर पडली ती या उपासमारीमुळे. विश्वासराव गोळी लागून पडले आणि त्यानंतर फळी फुटली. खेळात यातले काहीच घडू शकत नाही. तिथला भारतीय नायक म्हणजे हत्तीवरचा ब्राह्मण. तो कोसळला तरी पुन्हा उठवता येतो आणि त्याच्या पडण्याने एकाही शिपायाचे धैर्य खचत नाही. छावणीतले बाजारबुणगे तर खेळाला ठाऊकच नाहीत.

पडद्यावर इतके सगळे मावणार नाही, नाहीतर खेळ हिशेबाची वही होऊन बसेल, असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे. सगळे मावणार नाहीच. पण काही शतकांची लढाई अर्ध्या तासात उरकायची झाली, तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे, ही निवड कुणीतरी करतोच. या खेळाने तोफा आणि वास्तू ठेवल्या, भूक आणि निष्ठा गाळली.

निवड बदलता येते, हे याच खेळाने दाखवून दिले आहे. 2020 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तेव्हा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या सल्लागारांशी बोलून ‘इरोक्वा’ आणि ‘सू’ ही नावे बदलून ‘हौडेनोशौनी’ आणि ‘लकोटा’ केली गेली, त्यांच्या संस्कृतींचे चुकीचे चित्रण सुधारले गेले आणि ‘वसाहतींचे युग’ हे नावही गेले. दख्खनच्या बाबतीतही असेच बसून बोलायला हवे. त्यासाठी साधने शोधत हिंडावे लागणार नाही. फौजेच्या नेमणुका, घोड्यांच्या नोंदी आणि दाणागोट्याचा खर्च यांचे मोडीतले कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. आपल्याकडे खेळ घडवणारी तरुण मंडळी आता तयार होत आहेत. त्यांनी पहिला शिपाई पडद्यावर उभा करण्याआधी त्या दफ्तराची पायरी चढावी.