रेणू पाठ करावा की पाहावा?

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने सिकलसेल आजार उद्भवतो, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात. तोच रेणू संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहिला, तर प्राणवायू सोडलेल्या रेणूवरील हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत कसे बसते आणि त्यातून तंतू बनून रक्तपेशी विळ्यासारखी का वाकते, हे उमगते. १९७१ साली ७ रचनांनिशी सुरू झालेल्या ‘प्रोटीन डेटा बँके’त आज २ लाखांहून अधिक रचना विनामूल्य आहेत, त्या दाखविणाऱ्या आज्ञावल्याही विनामूल्य मिळतात. तथापि परीक्षेत नामनिर्देशित आकृतीलाच गुण असतील, तर रेणू फिरवून पाहणार कोण? नंदुरबार, गडचिरोलीच्या ज्या विद्यार्थ्यांनी हा आजार घरात पाहिला आहे, त्यांना त्याचे कारणही डोळ्यांनी पाहता आले पाहिजे.