औषधाच्या चाचणीचे केंद्र कशावर चालते?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आता मोठी खासगी रुग्णालये झाली आहेत. त्यामुळे 'क्लिनिकल ट्रायल' हा शब्द आपल्या घरांत दोन वाटांनी येतो. घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांना डॉक्टर विचारतात, "नव्या औषधाची चाचणी चालू आहे, भाग घ्याल का?" दुसरीकडे बी.फार्म. किंवा बीयूएमएस झालेली मुलगी सांगते, "अब्बा, मला संशोधन केंद्रात समन्वयकाची नोकरी मिळतेय." दोन्ही वेळा घरचे गोंधळतात. म्हणून असे केंद्र चांगले चालते म्हणजे नेमके काय, हे आम्ही येथे मांडत आहोत.

उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने शिरूर तालुक्यातील वढू येथे २००२ पासून आसपासच्या २२ गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवली. घराघरांशी ओळख आधी झाली, मोठी चाचणी नंतर आली. २०११ मध्ये रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू झाली, तेव्हा दिल्ली, वेल्लोर आणि पुणे या तीन ठिकाणांत पुण्याचे काम वढूला झाले. तिन्ही मिळून ६,७९९ तान्ही बाळे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयाला तोंडात थेंब द्यायचे, आणि त्यानंतर जुलाब होतात का यावर महिनोन्‌महिने लक्ष ठेवायचे. काही बाळांना लस मिळाली, काहींना लसीसारखेच दिसणारे पण औषध नसलेले द्रव्य. कोणाला काय मिळाले हे आईला ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. निष्कर्ष २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र जुलाबांपासून सुमारे ५४ टक्के संरक्षण. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस देशाच्या लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. आज कल्याणच्या सरकारी दवाखान्यात बाळाला हे थेंब पाजणाऱ्या आईच्या मागे त्या हजारो आया उभ्या आहेत.

या कामात यंत्रसामग्री लागतेच. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, फ्रिजची नोंद रोज लिहावी लागते, प्रत्येक कागदावर तारीख आणि सही लागते. पण आमच्या मते केंद्राची खरी परीक्षा वेगळी आहे. नाव नोंदवलेला माणूस शेवटच्या भेटीपर्यंत येतो का? माणसे मध्येच गळाली तर निष्कर्ष लंगडा पडतो, आणि आधीच्या सगळ्यांनी दिलेले रक्त वाया जाते.

ठाणे-कल्याणला हे वढूपेक्षा अवघड आहे. भाडेकरार संपला की कुटुंब मुंब्र्याहून भिवंडीला जाते. मे महिना आला की घराला कुलूप लावून सगळे कोकणात. बाईच्या नावापुढे फोन नंबर नवऱ्याचा असतो आणि तो दिवसभर कामावर. शहाणा समन्वयक पहिल्याच दिवशी गावचा पत्ता, बाईचा स्वतःचा नंबर आणि एका नातेवाइकाचा नंबर लिहून घेतो. ईसीजी काढायला बाई असावी, एवढ्याशा गोष्टीवरही पुढची भेट होते की नाही हे ठरते.

रमजानचे तर वेगळेच. तेरा देशांतील सुमारे १२ हजार मुस्लिम मधुमेही रुग्णांचा 'एपिडायर' नावाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टाइप टू मधुमेहाचे जवळपास ७९ टक्के रुग्ण महिन्यात किमान पंधरा दिवस रोजे ठेवत होते. म्हणजे केंद्राने दुपारच्या गोळीचे वेळापत्रक हातात देऊन मोकळे होणे म्हणजे गोळी चुकणार हे ठरलेलेच. रोजाबद्दल चाचणी सुरू होण्यापूर्वीच बोलायला हवे. कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे, हा प्रश्नही सरळ विचारावा. विचारणाऱ्याला अडाणी समजणारे केंद्र चांगले नव्हे.

कायदा आपल्या बाजूने बराच आहे. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य असतात. त्यात एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार आणि किमान एक स्त्री हवी, आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांना २४ तासांत कळवावे लागते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. वाचता न येणाऱ्याच्या संमतीला तटस्थ साक्षीदार लागतो. चाचणी मध्येच सोडली म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

नोकरी करणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगणे, की महिनाअखेरीस नावनोंदणीचा आकडा भरण्याचा दबाव येतो. अशा वेळी घाईने घेतलेली सही ही समोरच्या माणसाच्या अमानतीशी खेळ आहे.

आणि सही करणाऱ्यांना: संमतीपत्र मराठीत किंवा उर्दूत, ज्या भाषेत कळते त्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा, प्रत स्वतःजवळ ठेवा. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा, ती नोंद कोणालाही पाहता येते. कागदावर डॉक्टरांचा आणि नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. सही करण्यापूर्वी त्यावर एकदा फोन लावून पाहा, कोणी उचलते का ते.