अल्पार्तव : रजःप्रवर्तक योग देण्यापूर्वी

‘अंगावरून फार कमी जाते, पाळी साफ होईल असे काही द्या’ ही मागणी चिकित्सालयात, आणि त्याहूनही अधिक औषधालयाच्या फळीवर, नित्य ऐकू येते. न गेलेले ‘घाण रक्त’ पोटात साठून राहते, अशी समजूत तिच्यामागे असते. वस्तुतः गर्भाशयाचे अंतःस्तर ज्या महिन्यात कमी वाढले त्या महिन्यात स्रावही कमी होतो. मार्गावरोध नसेल तर साठण्यासारखे काही उरतच नाही. रुग्णेस एवढे समजावून सांगणे हा चिकित्सेचाच भाग होय, असे आम्ही मानतो.

एका पाळीतील रक्तस्राव सामान्यतः ५ ते ८० मिलिलिटर असतो. एखाद्या स्त्रीस वयात आल्यापासून दोनच दिवस स्राव होत असेल, चक्र नियमित असेल व अन्य तक्रार नसेल, तर ती तिची प्रकृती समजावी. ज्या स्त्रीचा चार-पाच दिवसांचा स्राव अकस्मात एका दिवसावर वा केवळ डागांवर आला, तिचा विचार निराळा.

सुश्रुतांनी आर्तवक्षयाच्या लक्षणांत यथोचित काळी आर्तव न दिसणे, ते अल्प असणे आणि योनिवेदना ही सांगितली असून संशोधन व आग्नेय द्रव्ये हा उपक्रम दिला आहे. अन्यत्र दोषांनी मार्ग आवृत झाल्यानेही आर्तव नष्ट होते, असे ते सांगतात. आर्तव हा रसाचा उपधातू असल्याने मूळचा रसक्षय आहे की स्रोतोरोध, हे प्रथम ठरवावे लागते. कृश, पांडुर, उपासतापास करणाऱ्या स्त्रीस केवळ आग्नेय द्रव्ये देत राहणे म्हणजे कोरड्या विहिरीवर मोट चालवणे. तिचे हिमोग्लोबिन पाहावे, अग्नी सुधारावा, रसवर्धन करावे.

तथापि या साऱ्या विचारापूर्वी एक प्रश्न येतो, आणि तोच बहुधा राहून जातो : ही पाळीच आहे ना? गर्भधारणेच्या आरंभी पाळीच्या सुमारास थोडे डाग दिसू शकतात आणि स्त्री त्यास ‘कमी पाळी’ समजते. रजःप्रवर्तनी वटीत कुमारीसार म्हणजे काळाबोळ, हिंग, टाकणखार व हिराकस असतात. ती गर्भिणीस वर्ज्य आहे. गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीत, रुजला असेल तर धोका जिवावरचा असतो. काळपट, तुटपुंजा स्राव, ओटीपोटाच्या एका बाजूस शूल, चक्कर वा खांद्याच्या टोकाशी वेदना यांपैकी काही असता औषध न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. बीजवाहिनी फुटल्यास अंतर्गत रक्तस्रावाने काही तासांत प्राण जाऊ शकतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, मूत्रावरील गर्भचाचणी केल्यावाचून रजःप्रवर्तक योग देऊ नये. ही पट्टी औषधालयात स्वस्तात मिळते. शासनाची ‘निश्चय’ पट्टी आशा कार्यकर्तीकडेही असते. चाचणी नकारात्मक आली तरी शंका असल्यास आठवड्याने पुन्हा करावी. अविवाहित आहे म्हणून प्रश्नच न विचारणे ही सभ्यता नव्हे. तो एकांतात, सरळ शब्दांत विचारावा. गर्भपाताच्या गोळ्या परस्पर घेऊन ‘थोडेच गेले’ असे सांगणारी स्त्रीही याच वर्गात मोडते. तिच्या पोटी गर्भ वा त्याचा अंश शिल्लक असू शकतो. तिची सोनोग्राफी आवश्यक.

पुढे औषधांचा इतिहास घ्यावा. संततिनियमनाच्या गोळ्या, ‘अंतरा’ इंजेक्शन अथवा हार्मोनयुक्त तांबी यांनी स्राव घटतो; तो अपेक्षित परिणाम असून त्यास चिकित्सा नको. साध्या तांबीने मात्र स्राव बहुधा वाढतो, हे लक्षात ठेवावे. स्तनपान, पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे आणि चाळिशीनंतरचा काळ यांतही चढउतार होतात.

काही वृत्ते कानावर पडताच आपण सावध झाले पाहिजे. ‘पिशवी साफ केल्यापासून’ स्राव घटला असेल तर गर्भाशयाच्या भित्ती आतून चिकटल्याची शंका घ्यावी. वंध्यत्व, वजन घटणे, सायंकाळचा बारीक ज्वर यांसह अल्पार्तव असेल तर जननांगाच्या क्षयाचा तपास हवा; आपल्या देशात हे कारण दुर्मीळ नाही आणि त्यावरील औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. प्रसूतीत अतिरक्तस्राव झाला, नंतर दूध उतरले नाही आणि पाळीही घटली, तर पीयूषग्रंथीस इजा झालेली असू शकते. स्तनांतून दुधासारखा स्राव, दृष्टिदोष व डोकेदुखी, वाढते वजन व चेहऱ्यावरील केस, थंडी सहन न होणे ही लक्षणे असता प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि बीजकोशाची तपासणी करून घ्यावी. तीन महिने पाळी आलीच नाही, तरीही तज्ज्ञांकडे पाठवावे.

पाठविताना चिठ्ठीत शेवटच्या पाळीची तारीख, पूर्वीचे व आताचे स्रावाचे दिवस, गर्भचाचणीचा दिनांक व निष्कर्ष आणि आपण दिलेल्या योगांची नावे अवश्य लिहावीत. औषधालयचालकांनी फळीवर गर्भचाचणीची पट्टी रजःप्रवर्तनीच्या शेजारीच ठेवावी.